तीनशे तासांचं संशोधन

३०० तास. महाराष्ट्रात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या संशोधनासाठी दोन वर्षांत मिळणारा अधिकृत वेळ एवढाच आहे. हा आकडा असा थेट लिहिलेला कुठे दिसत नाही, तो गुणाकार करून काढावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांसाठी जो आराखडा आणला, त्यात दोन वर्षांचे मिळून ८८ श्रेयांक आहेत. विद्यार्थी त्यांना क्रेडिट म्हणतात. मुख्य विषयाचे ५४, ऐच्छिक विषयांचे १६, संशोधनपद्धतीचे ४, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४ आणि संशोधन प्रकल्पाचे १०. या १० पैकी ४ तिसऱ्या सत्रात आणि ६ चौथ्या सत्रात. प्रयोगशाळेतल्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. म्हणून ३००.

एकूण पदवीच्या ११.४ टक्के. बाकीचे जवळजवळ ८९ टक्के वर्ग, ठरलेली प्रात्यक्षिकं, कामाचा अनुभव आणि परीक्षा.

हे ३०० तास आठवड्यांत वाटून पाहू. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर तिसऱ्या सत्रात आठवड्याला ८ तास येतात आणि चौथ्या सत्रात १२. कागदावर हे वाईट दिसत नाही. पण वेळापत्रकात हे ८ तास सलग मिळत नाहीत, दोन-दोन तासांचे तुकडे होऊन मिळतात. मंगळवारी दुपारी दोन, गुरुवारी सकाळी दोन. रसायनशास्त्राची पहिली अडचण इथेच आहे, कारण फ्लास्कमधली रिअॅक्शन तासाची घंटा ऐकत नाही.

सेंद्रिय रसायनशास्त्रातली एक साधी रिअॅक्शन घ्या. आदल्या रात्री काचेची भांडी ओव्हनमध्ये सुकत ठेवायची. सकाळी ती गरम असतानाच बाहेर काढून नायट्रोजनखाली थंड करायची. रसायनं वजन करून घालायची, ढवळणी सुरू करायची, तापमान लावायचं. मग दर तासाला टीएलसीच्या पट्टीवर स्पॉट मारून बघायचं की सुरुवातीचा पदार्थ संपला का. संपला की वर्क-अप: पाणी घालून थर वेगळे करायचे, सेंद्रिय थर सोडियम सल्फेटवर सुकवायचा, रोटावर द्रावक उडवायचं. हाती येतो तो क्रूड, म्हणजे अशुद्ध पदार्थ. तो शुद्ध करायला कॉलम लावायचा. एक ग्रॅम क्रूडला साधारण ३० ते ५० ग्रॅम सिलिका आणि द्रावकाच्या बाटल्याच्या बाटल्या. पन्नास परीक्षानळ्यांतून आपला पदार्थ कुठल्या नळ्यांत उतरला ते शोधायचं, त्या एकत्र करायच्या, पुन्हा रोटा, मग व्हॅक्यूम. शेवटी चिमूटभर नमुना ०.६ मिलिलिटर ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून एनएमआरला द्यायचा आणि आलेख हाती आला की ७.२६ वरच्या क्लोरोफॉर्मच्या खुणेपासून वाचायला सुरुवात करायची.

या सगळ्यात माणसाचा हात किती वेळ गुंततो? माझा हिशोब ८ तासांचा आहे, आणि तेही दोन-तीन दिवसांत पसरलेले. सरावलेला विद्यार्थी सहा तासांत उरकेल, नवख्याला बारा लागतील. पुढचा सगळा हिशोब या आठाच्या पायावर उभा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

आता ३०० मधून वाचनाचे ६० तास वजा करा. आधी कोणी काय केलं हे न वाचता रिअॅक्शन लावणं म्हणजे द्रावकाची नासाडी. आणखी ६० तास प्रबंध लिहिणं, आलेख काढणं, सादरीकरण यांचे. उरले १८०. त्याला ८ ने भागलं की २२ आणि थोडी बाकी.

बावीस प्रयत्न. दोन वर्षांच्या पदवीत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला निसर्गाला बावीस वेळा प्रश्न विचारता येतो.

बावीस पुरतात का? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा प्रश्न घेऊ. एक रिअॅक्शन आहे, तिचा उतारा वाढवायचा आहे. तीन द्रावकं, तीन आम्लारी, तीन तापमानं तपासायची. ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ जोड्या. एका रिअॅक्शनच्या एका पायरीचा सगळ्यात सरळ अभ्यास २७ प्रयत्न मागतो आणि हातात आहेत २२. शिवाय मिळालेला उतारा पुन्हा मिळतो का हे पाहायला प्रत्येक जोडी दोनदा करायची तर ५४.

कोणी म्हणेल, एका पायरीचा उतारा दहा टक्क्यांनी वाढला तर काय मोठं? चार पायऱ्यांचं संश्लेषण घ्या. प्रत्येक पायरीला ७० टक्के उतारा असेल तर शेवटी हाती येतो ०.७ चा चौथा घात, म्हणजे २४ टक्के. तोच प्रत्येक पायरीला ८० टक्के झाला तर ४१ टक्के. ९० टक्के झाला तर ६६. आणि ६० वर घसरला तर फक्त १३. औषधाचा रेणू बनवणाऱ्या कारखान्यात हे आकडे म्हणजे नफा-तोटा असतो. प्रयोगशाळेत ते ठरवतात की शेवटच्या पायरीला पोचल्यावर नळीत एनएमआरपुरता तरी पदार्थ उरेल की नाही. उतारा दर पायरीला गुणला जातो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. तिसऱ्या पायरीवर फ्लास्कच्या तळाशी उरलेला पिवळा तेलकट डाग पाहिल्याशिवाय ते अंगात भिनत नाही. संशोधनाची पदवी हवी ती या भिनण्यासाठी, आणि त्याला प्रयत्नांची संख्या लागते.

आता याच राज्याच्या आराखड्यातला दुसरा आकडा बघा. चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ निवडणाऱ्याला शेवटच्या वर्षात संशोधन प्रकल्पाचे १२ श्रेयांक आहेत, सातव्या सत्रात ४ आणि आठव्यात ८. म्हणजे ३६० तास. बी.एस्सी.च्या चौथ्या वर्षातला मुलगा एका वर्षात जितके तास प्रयोगशाळेत घालवेल, त्यापेक्षा एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत ६० तास कमी घालवतो. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.चं दार उघडलं आणि एम.फिल. बंद केली. पूर्वी एम.एस्सी.त संशोधन कमी पडलं तर एम.फिल.मध्ये भरून निघायचं. ती मधली पायरी आता नाही. तेवढा भार एम.एस्सी.ने उचलायला हवा होता, आणि तिच्या वाट्याला दहा श्रेयांक आले.

हे असंच असायला हवं असा कुठला राष्ट्रीय नियम आहे का? नाही. आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा दिला, त्यात दोन वर्षांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी ४० श्रेयांक आहेत आणि वाटा तीन आहेत: सगळे वर्ग, अर्धे वर्ग आणि अर्धं संशोधन, किंवा पूर्ण संशोधन. तिसरी वाट घेतली तर ४० श्रेयांक, १,२०० तास. मधली वाट घेतली तर २० श्रेयांक, ६०० तास.

१,२०० तासांचा तोच हिशोब करू. वाचनाला १५० आणि लेखनाला १५० वजा केले की उरतात ९००, म्हणजे ११२ प्रयत्न. तास चौपट झाले, प्रयत्न मात्र पाचपट झाले, कारण वाचन आणि लेखन वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. मला या सगळ्या आकडेमोडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. ११२ प्रयत्नांत २७ जोड्यांचा अभ्यास दोनदा करून होतो आणि वर ५८ प्रयत्न उरतात, ज्यांत विद्यार्थी स्वतःचा एखादा प्रश्न विचारू शकतो. तोवर तो मार्गदर्शकाचा प्रश्न सोडवत असतो.

बाहेर काय चालतं तेही थोडं पाहू, कारण आपली मुलं तिकडे जातात. जर्मनीत रसायनशास्त्राची मास्टर्स साधारणपणे १२० युरोपीय श्रेयांकांची असते आणि त्यात प्रबंधाचे ३०. तिकडे एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे प्रबंधाला ९०० तास, सहा महिने, पूर्णवेळ. पदवीचा पाव भाग. त्या ९०० तासांत वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. सकाळी प्रयोगशाळेत जायचं आणि संध्याकाळी बाहेर पडायचं. आपल्याकडेही नमुना आहे. पुण्याची आयसर २००६ साली सुरू झाली. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाचं पाचवं वर्ष प्रबंधासाठी राखलेलं असतं. त्याच पुण्यात पाषाण रस्त्यावर १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. शेजारच्या विद्यापीठात, जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाची पदवी त्याच पातळीची, प्रयोगशाळेतले तास मात्र कितीतरी कमी.

संशोधनातून एम.एस्सी. ही आपल्याला नवी गोष्टही नाही. कमला भागवत, नंतरच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या, आणि वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध, डाळी आणि शेंगांमधल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं आणि १९३६ मध्ये त्या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये चौदा महिन्यांत चाळीस पानी प्रबंध आणि १९३९ मध्ये पीएच.डी. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला त्यातले आकडेही दिसतात. चौदा महिन्यांत पीएच.डी. होऊ शकली, कारण त्याआधी बंगळूरला प्रयोगशाळेत घालवलेली जवळजवळ तीन वर्षं गाठीशी होती. मास्टर्सला दिलेले तास पीएच.डी.त वसूल होतात. आज नियमाने पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. पहिलं वर्ष कॉलम भरायला आणि एनएमआर वाचायला शिकण्यात गेलं, तर त्या सहांतून एक वजा होतं.

मग विद्यार्थी स्वतःहून जास्त वेळ प्रयोगशाळेत का घालवत नाहीत? इथे दोष विद्यार्थ्याला देऊ नये. त्याच्या समोरचे आकडे बघा. सीएसआयआर-नेटच्या रासायनिक विज्ञानाच्या पेपरात १२० प्रश्न असतात, त्यातले ७५ सोडवायचे, २०० गुण, तीन तास. एका प्रश्नाला २.४ मिनिटं. त्यात कॉलम लावता येतो का हे कोणी विचारत नाही, विचारता येणारही नाही. हा पेपर चांगल्या क्रमांकाने पार केला आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. हीच रक्कम २०१४ मध्ये २५,००० आणि २०१९ मध्ये ३१,००० होती. एम.एस्सी.त असताना मात्र बहुतेकांना काहीच मिळत नाही. इन्स्पायर शिष्यवृत्ती ज्यांना बारावीनंतर मिळाली, त्यांना वर्षाला ८०,००० रुपये मिळतात: ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. हातातले महिन्याला ५,००० होतात. एकीकडे ५,००० किंवा शून्य, दुसरीकडे ३७,०००, आणि मधे २.४ मिनिटांचे प्रश्न. शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या घरातून आलेल्या मुलाने तिसऱ्या सत्रात रिअॅक्शनपेक्षा प्रश्नसंच जवळ केले, तर त्याने शहाणपणाच केला.

परिणाम मात्र दिसतो. प्रकल्प नावाला उरतो. दोन वर्षांपूर्वीचा प्रबंध शीर्षक बदलून पुन्हा बांधला जातो. आलेख एखाद्या शोधनिबंधातून येतात. तोंडी परीक्षेत विचारलं की हा स्पॉट कुठल्या द्रावकात चालवला, तर मुलगा मार्गदर्शकाकडे बघतो. हे मी बाह्य परीक्षकाच्या खुर्चीत बसून एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. त्या मुलांचा राग आला नाही. वाईट वाटलं, कारण त्यांतल्या दोन-तीन मुलांचे हात चांगले होते हे त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवरून कळत होतं.

आराखड्यात आणखी एक गाठ चुकीच्या जागी बसली आहे. संशोधनपद्धतीचे ४ श्रेयांक पहिल्या सत्रात येतात आणि प्रकल्प सुरू होतो तिसऱ्या सत्रात. प्रयोगाची आखणी, त्रुटींचं विश्लेषण, संदर्भ शोधणं हे सगळं शिकल्यावर वर्षभराने ते वापरायची वेळ येते. पोहणं शिकवून वर्षाने विहिरीवर नेण्यासारखं हे आहे.

आराखडा बदलत नाही तोवर ३०० तासांत करायचं काय? इथे मार्गदर्शकाला खरोखर काही करता येतं, आणि त्यालाही आकड्यांचाच आधार आहे. २७ जोड्यांचा तोच अभ्यास प्रयोग-आखणीच्या शास्त्राने ९ प्रयत्नांत होतो. जपानचे गेनिची तागुची यांच्या नावाने ओळखली जाणारी एल-नऊ ही मांडणी तीन पातळ्यांचे चार घटकसुद्धा नऊ प्रयोगांत बसवते. प्रत्येक घटकाची प्रत्येक पातळी तीनदा येते आणि त्या तीन प्रयोगांत इतर घटक समान वाटलेले असतात, म्हणून सरासरीवरून कुठला घटक उताऱ्यावर किती परिणाम करतो ते कळतं. नऊ प्रयोग दोनदा केले की १८. बावीसमधून अठरा गेले, चार उरले. त्या चारांत सापडलेल्या सर्वोत्तम परिस्थितीची खात्री करायची आणि रिअॅक्शन मोठ्या प्रमाणावर करून बघायची. प्रकल्प बसला. यात घटकांचा एकमेकांवरचा परिणाम नीट दिसत नाही, ही मर्यादा विद्यार्थ्याने प्रबंधात लिहावी. ती लिहिता येणं हाही संशोधनाचाच भाग आहे. पण चार पायऱ्यांचं नवं संश्लेषण हा विषय ३०० तासांच्या विद्यार्थ्याला देऊ नये. त्यात तो दुसऱ्या पायरीवर अडकतो आणि उरलेला प्रबंध कोणाच्या तरी आलेखांनी भरतो.

यंत्रांचा प्रश्न लहान नाही, पण तो वेळेच्या प्रश्नाहून सोपा आहे. ४०० मेगाहर्ट्झचं एनएमआर म्हणजे ९.४ टेस्लाचं चुंबक, आणि त्याला उणे २६९ अंशांवरचं द्रव हेलियम सतत लागतं. ते प्रत्येक महाविद्यालयात असू शकत नाही, असायची गरजही नाही. आयआयटी मुंबईतली ‘सैफ’सारखी केंद्रं आणि विद्यापीठांच्या उपकरण-सुविधा शुल्क घेऊन बाहेरचे नमुने तपासतात. बावीस प्रयत्नांत बावीस एनएमआर लागतही नाहीत. टीएलसी, वितळणबिंदू आणि उतारा यांवर चाळणी लावली तर पाच-सात नमुने पाठवून भागतं. नमुना पाठवून आलेख परत यायला दोन-तीन आठवडे गेले तर १५ आठवड्यांच्या सत्रात अशा फेऱ्या पाचच होतात, म्हणून पहिला नमुना सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टात पडायला हवा.

ज्यांना पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे त्यांना माझं सांगणं आहे की माहितीपुस्तिकेतलं विभागाचं नाव वाचून थांबू नका. एक दिवस त्या विभागात जा. मागच्या वर्षीचे प्रबंध बघायला मागा आणि त्यांतले एनएमआरचे आलेख कोणाच्या नावाने, कुठल्या तारखेला काढले आहेत ते वाचा. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा की संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी लॅब उघडी असते का, द्रावक मागितल्यावर किती दिवसांत मिळतं, एका मार्गदर्शकाकडे किती जण आहेत. एका मार्गदर्शकाकडे पंधरा जण असतील तर त्याने आठवड्याला पाच तास दिले तरी तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. ही उत्तरं वहीत लिहा आणि दोन-तीन विभागांची शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणि अभ्यासमंडळांवर बसलेल्या सहकाऱ्यांना विनंती आहे. सगळ्या विद्यार्थ्यांना १,२०० तास द्या असं मी म्हणत नाही. ज्यांना उद्योगात जायचं आहे, शिकवायचं आहे, त्यांना वर्गांची वाट योग्यच आहे. पण वर्गातल्या ज्या पाच-सहा जणांना संशोधन करायचं आहे, त्यांच्यासाठी चौथं सत्र पूर्ण मोकळं करा, २० श्रेयांकांचं, ६०० तासांचं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवा. आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात ही वाट आधीच आखलेली आहे.